प्यायलीय

माझी भाची संघप्रिया आठ वर्षांची. तिला डाउन सिंड्रोम आहे, त्यामुळे शब्दाला शब्द जोडायला वेळ लागतो. जिद्द मात्र साऱ्या घराला पुरून उरेल एवढी. तिच्या बापाला, म्हणजे धम्मानंदला, शाळेनं सांगितलं होतं, की भाषेची तपासणी करून आणा. अहवाल बरा नसेल तर लांबच्या निवासी शाळेचं बघा. तेव्हापासून माझ्या भावाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

ताडकळसहून बसनं आम्ही परभणीला आलो. तपासणाऱ्या रेणुका मॅडम पुण्याच्या, नुकत्याच रुजू झालेल्या. त्यांनी चित्र पुढं केलं. चित्रातली मुलगी तोंडाला पेला लावून उभी होती.

"ही काय करते आहे?"

"पाणी प्यायलीय."

मॅडमनी फुली मारली. पुढच्या चित्रात म्हैस हौदावर होती. "म्हैस प्यायलीय." पुन्हा फुली.

"चाललेलं आणि होऊन गेलेलं, यातला फरक तिला कळत नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. धम्मानंदनं मान खाली घातली.

माझं डोकं सणकलं, आणि राग मॅडमपेक्षा माझाच मला आला. मी शिक्षिका. 'पिते आहे म्हण' असं दोन वर्षं मीच तिला दटावत होते.

"मॅडम, ती बरोबर बोलायलीय," मी म्हणाले.

"पण प्यायलीय म्हणजे पिऊन झालं ना?"

"तुमच्या पुण्यात झालं असंल. आमच्यात अजून प्यायलीय. इकडं 'यायलीय' म्हणजे येते आहे, आलेली नव्हं."

मॅडमना पटेना. दाराशी झाडणाऱ्या कुसुमबाईंना त्यांनी पहिलं चित्र दाखवलं. "मावशी, ही काय करते आहे?"

कुसुमबाईंना मॅडमची काळजीच वाटली. "दिसना का तुमाला? पाणी प्यायलीय की पोरगी."

मॅडम ओशाळून हसल्या आणि फुल्या खोडल्या. पुढच्या एका चित्रातल्या दोन म्हशींना ती 'दोन म्हैस' म्हणाली, ते मात्र खरंच चुकत होतं. ते त्यांनी लिहिलं, सरावही सांगितला. शेवटी लिहिलं, की मुलीनं गावातल्या शाळेतच शिकावं.

मला एकदम हलकं वाटलं. धम्मानंद तर कागद धरून सरळ रडायलाच लागला.

"बाबा, काऊन रडायलास?" संघप्रियानं विचारलं.

"रडत न्हाई गं. हसायलोय."

तिनं त्याचा गाल पुसला आणि ओला तळहात त्याच्या डोळ्यांपुढं धरला.

"रडायलास."