पुढचं चाक थोरल्याचं

आमच्या घरच्या वाटणीत शंभूमावांनी मोटारसायकलसुद्धा वाटली. सांगितलं की लोक हसतात, पण मी तिथंच दारात उभी होते. पोफळीची बाग झाली, गाई झाल्या, तांब्याची भांडी झाली, घराच्या मधोमध भिंत घालायची ठरली आणि शेवटी अंगणातली ती जुनी गाडी उरली. मामंजींची गाडी. विका म्हटलं तर दोघे भाऊ गप्प. एकानं घ्या म्हटलं तर दोघेही म्हणणार, "त्याला जाणार असेल तर विहिरीत टाका." शंभूमावा म्हणजे ह्यांचे मामा. सकाळपासून बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता. ते म्हणाले, "पुढचं चाक थोरल्याचं, मागचं धाकट्याचं. एक दिवस हा नेईल, एक दिवस तो. ज्याचा टायर त्यानं बघायचा. आणि आता मला कुणीतरी जेवायला वाढा."

मामा जेवून गेले. निस्तरायचं आमच्या वाट्याला आलं.

आमचे हे भटजी. सत्यनारायण, बारशी, श्राद्धं, सगळं घाटाच्या वळणांवरून डांबरी रस्त्यानं. पंचा खोचायचा, सोवळ्याच्या मडीवर रेनकोट चढवायचा आणि निघायचं. धाकटा दीर सुब्राय बाग बघतो. त्याचा सगळा पावसाळा उतारावरच्या चिखलात, पोफळीवर फवारायच्या मोरचूद-चुन्याचे डबे गाडीला बांधून. मग काय व्हायचं? ह्यांनी पुढच्या चाकाला रेघांचा टायर चढवला, ओल्या डांबरावर सरळ धावणारा. सुब्रायनं मागच्या चाकाला बटणांचा चढवला, चिखलात नखं रोवणारा. सिद्दापूरचा इनास टायरवाला दोघांनाही हात जोडून म्हणाला म्हणे, "भट्टरे, पुढे घोडा, मागे रेडा. जुंपलंत तुम्ही, हाकाही तुम्हीच."

डांबरावर ब्रेक दाबला की मागचं चाक बाजूला पळायचं. चिखलात गेलं की पुढचं चाक तोंड फिरवायचं. म्हणजे ह्यांचा जीव सुब्रायच्या टायरवर आणि सुब्रायचा ह्यांच्या. नागवेणी, माझी धाकटी जाऊ, भिंतीपलीकडून म्हणायची, "अक्का, आज तुमचा दिवस की माझा?" दिवस म्हणजे काळजी करायचा. माझा असला की दुपारपासून माझं लक्ष कशात नसायचं. तांदूळ निवडायला घ्यायचे नि ठेवायचे. फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. लांबून एखाद्या इंजिनाचा आवाज आला की कान टवकारायचे, तो दुसऱ्याच कुणाचा निघाला की त्या माणसावर चिडायचं. बिचाऱ्याचा काय गुन्हा?

संध्याकाळी किल्ली द्यायची वेळ झाली की पडवीत तमाशा. हे धाकट्याला म्हणायचे,

"तम्मा, तुझा मागचा टायर म्हणजे नाचरी बाई आहे. घाटात कमरेला झटका देते."

"आणि तुझा पुढचा? चिखलात सोवळं पाळतो. पाऊलच टाकत नाही."

"अरे, मागे जरा साधा घाल. तुझ्या चिखलात ढकलत ने."

"मग तू पुढे बटणांचा घाल. तुझा सत्यनारायण काय, थांबतो थोडा वेळ."

"मुहूर्त थांबत नाही, मारायरे!"

"आणि सुपारी सडवणारा कोळेरोग थांबतो होय, मारायरे?"

असं तास-तास. हवा किती भरावी इथून सुरू व्हायचं ते अप्पय्या, म्हणजे मामंजी, गाडी कशी चालवायचे इथपर्यंत जायचं. मला वाटायचं, उठावं आणि दोघांच्या डोक्यात एकेक टायर घालावा.

श्रावणातल्या एका सोमवारी हे परत आले ते गाडी ढकलत. कोपर सोललेलं, पंचा फाटलेला, चेहरा पांढराफटक. वळणावर समोर म्हैस आली, ब्रेक मारला आणि मागचं चाक ह्यांच्याही पुढे निघालं. दरीच्या बाजूला कठडा होता म्हणून. मी हळद घेऊन धावले. ह्यांना मात्र हळद लावून घ्यायलाही सवड नाही. तसेच पडवीत गेले आणि भावाशी भांडायला बसले, "बघ, बघ तुझ्या बाईनं काय केलं!" सुब्रायही उठून आला, कोपर वळवून वळवून बघितलं आणि म्हणाला, "पुढचा ब्रेक आधी दाबला असशील. तुझी ती सवयच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांच्यासमोर गिळली, पण दुसऱ्या दिवशी सुब्राय गोठ्यामागे डबे धूत होता तिथं जाऊन उभी राहिले.

"काय अत्तिगे?" मी त्याची अत्तिगे, म्हणजे वहिनी.

"काही नाही. विचारायला आले. तुझा भाऊ त्या मागच्या चाकानं मेला तर पुढचं चाकही तुझ्याच वाटणीला येईल ना?"

त्याच्या हातातला डबा तसाच राहिला. मला वाटलं आता तोही उसळेल, मग मी आणखी बोलेन, भरपूर साठलं होतं.  पण त्यानं डबा उपडा घातला आणि बागेकडे चालायला लागला, पायी.

चार दिवसांनी अंगणात गाडी उभी होती, मागेही रेघांचा टायर. किल्ली नागवेणीनं आणून दिली. म्हणाली, "हे म्हणाले, गाडी अण्णाची. दोन्ही चाकं." सुब्रायनं हेगड्यांच्या मळ्यातली एक जुनीपुराणी गाडी स्वतःपुरती आणली होती, तिला पुढेमागे बटणं.

मी देवापुढे दिवा लावला. खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटत होतं. हे वेळेवर यायला लागले. गाडी म्हणे रुळावरून जावी तशी जाते. माझं दुपारचं फाटकापर्यंत जाणं थांबलं.

आणि मग ह्यांचं सुरू झालं.

संध्याकाळी आले की गाडी पुसायची. पुसलेलीच पुन्हा पुसायची. टायर अंगठ्यानं दाबून बघायचा आणि जरा मोठ्यानं म्हणायचं, "हवा कमी वाटते." कुणाला म्हणायचं? पलीकडे सुब्रायची गाडी घोंघावत यायची, तो उतरायचा आणि आपल्या दारानं आत जायचा. हे खोकायचे. पलीकडून कडी लागल्याचा आवाज यायचा. मग हे उठायचे, पडवीच्या या टोकापासून भिंतीपर्यंत जायचे, परत यायचे. जेवायला बसले तरी अर्ध्यातून उठायचे. ताकातली तंबळी आवडीची, तीही पानात तशीच राहायची. मी विचारलं, पोटात दुखतंय का? म्हणाले, नाही. कुणी काही बोललं का? म्हणाले, नाही, कुणीच काही बोलत नाही.

एक दिवस गाडी पुसताना वर न बघता त्यांनी विचारलं, "तू सुब्रायला काय बोललीस?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. वाटलं, रागावतील. ते फडकं पिळत राहिले.

"बरोबरच बोललीस," म्हणाले. "पण वाटणीनंतर आमच्यात बोलायला तेवढंच उरलं होतं गं."

मी आत आले. चुलीपुढे बसले तरी बसवेना. इतके महिने जे मला भांडण वाटत होतं ते माझ्या नवऱ्याचं जेवण होतं, आणि मी त्याच्यासमोरून ताट उचललं होतं. ह्यांचा जीव वाचवला मी, आणि त्या जिवाला आता घरात कुठं बसावं ते कळत नव्हतं. माफी मागून काय होणार होतं? सुब्राय म्हणाला असता, "असू दे, अत्तिगे," आणि पुन्हा कडी लावून घेतली असती. माफीनं दोन माणसं तासभर पडवीत बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुब्राय आला, उतरला. मी मुद्दाम अंगणात रेंगाळत होते.

"सुब्राय," मी म्हटलं, "मी मध्ये पडत नाही. पण तुझा भाऊ काय म्हणतो ते कानावर घालते. म्हणतो, दोन्हीकडे बटणं घालणारा माणूस गाढव. डांबरावर तोंडावर पडेल म्हणतो. टायर कशाशी खातात हेच म्हणे त्याला अप्पय्या असल्यापासून कळलं नाही."

ह्यातलं एक अक्षरही हे बोलले नव्हते.

सुब्रायचे कान लाल झाले. एका पायात चप्पल, एक हातात. "गाढव? मी? एका म्हशीला घाबरून जो गाडी आडवी घालतो तो मला शिकवणार? बोलवा त्याला! नाही, थांबा, मीच बोलवतो. अण्णा! ए अण्णा, बाहेर ये!"

हे संध्येला बसले होते. पळी पात्रात पडल्याचा आवाज मी अंगणातून ऐकला. तसेच ओलेत्या पंच्यानं बाहेर आले, भिंतीला वळसा घातला आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. काय कळायचं ते कळलं त्यांना. पुढच्याच क्षणाला भावाच्या मागच्या चाकाला पायानं ढोसत म्हणाले, "गाढव नाही तर काय! ही बटणं बघ, उलटी बसवलीत मारायरे, उलटी!"

"कुठं उलटी? बाण बघ की! खाली वाक, बाण दाखवतो!"

दोघे चिखलात उकिडवे बसले, चाकाच्या एकेका बाजूला.