चाळीसवर अडकलेला काटा

तिसऱ्यांदा गेज आलं ते सुक्या माशांच्या पिशवीत, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून. मालवाहू बोटीवरचा सोबीर धक्क्यावर उभा राहून हसत होता.

"शिउना, तुझ्या बापाचा समुद्र फारच खारट दिसतोय. दोन महिने झाले नाहीत की बिघडलंच!"

माझ्या बप्पाने पंचवीस वर्षं परदेशी पाहुण्यांना पाण्याखाली नेलं आणि सुखरूप वर आणलं. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते सांगणारं हे तळहाताएवढं गेज. खाली असताना माणसाचा जीव त्याच्या काट्यावर. मी विमानतळावर उपकरणं दुरुस्त करते, म्हणून बप्पाचं गेज दीड दिवस बोटीने प्रवास करून राजधानीशेजारच्या हुळुमालेत माझ्या नवव्या मजल्यावर येई.

शुक्रवारची सकाळ होती. मी स्वयंपाकघरातल्या मेजावर स्वच्छ पंचा अंथरला, चिमटे आणि बारीक पेचकस मांडले. माझा नवरा शफीउ तिथेच रोशी लाटत होता.

"परत? नवीन घेऊन दे की त्यांना."

"त्याला नवीन नको असतं. तू पीठ उडवू नकोस इकडे."

पहिल्या वेळी, सात महिन्यांपूर्वी, दोष साधा होता. नळी जिथे गेजला जोडतात तिथल्या पिनेवरच्या रबरी कड्या झिजल्या होत्या आणि हवा फुसफुसत होती. कड्या बदलल्या, ग्रीस लावलं, मैत्रिणीच्या डायव्हिंगच्या दुकानात भरलेल्या सिलिंडरवर लावून पाहिलं. दुसऱ्या वेळी मात्र काटा चाळीसवर अडकला होता, नळी कशालाच जोडलेली नसताना. ही फार वाईट खोड. सिलिंडर रिकामं झालं तरी काटा म्हणणार, आहे अजून चाळीस. काच काढून पाहिली तर काटा वाकून तबकडीला घासत होता. तो सरळ केला, पुन्हा तपासला आणि धाडून दिलं.

दोन्ही वेळा सोबत चिठ्ठी लिहिली होती. काच कशी निघेना, पेचकस घसरून अंगठ्याला कसं लागलं, शफीउने वर हळद कशी दाबली. लिहिता लिहिता पान भरायचं. फोनवर तसं होत नसे. आई गेल्यापासून आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे, "जेवलीस?" "जेवले." "बरी आहेस?" "बरी आहे." "ठेवतो मग."

आजही काटा चाळीसवरच होता. काच काढली. काटा पुन्हा वाकलेला, आणि तोही त्याच जागी. मला जरा नवल वाटलं. सहज म्हणून पिन ओढून काढली आणि हातच थांबला. कड्यांवर मी लावलेलं ग्रीस जसंच्या तसं होतं, लोण्यासारखं पांढरं. मिठाचा कण नाही. पितळ लखलखीत. सात महिन्यांत हे गेज समुद्रात गेलंच नव्हतं.

मी फोन लावला.

"बप्पा, पाण्यात शेवटचा कधी उतरलास?"

"हो हो, जेवलो."

"अरे, पाण्यात! पाण्यात कधी गेलास?"

"पाणी मुबलक आहे, काळजी करू नकोस. ठेवतो."

शफीउने लाटणं खाली ठेवलं. "काय झालं?"

"काही नाही. मला बेटावर जायचंय."

चार वर्षं मी गेले नव्हते. रजा कधी याला जाई, कधी त्याला. आईच्या पश्चात बप्पाला इथे आणलं होतं, तर अकराव्या दिवशी त्याने बोचकं बांधलं. म्हणाला, "समुद्र दिसतो सगळीकडून, पण वास येत नाही गं." तेव्हा मला राग आला होता. आता बोटीवर रात्र सरून उजाडलं, ओल्या दोराचा आणि प्रवाळावर तापणाऱ्या उन्हाचा वास आला, आणि मी सोबीरकडे पाठ करून उभी राहिले. त्याने डोळे पाहिले असते तर साऱ्या अटोलभर, बेटाबेटांवर सांगितलं असतं.

बप्पा फाटकापाशी दोरांच्या आरामखुर्चीत बसला होता. मी दोनदा हाक मारली. त्याने मान वळवली नाही. शेजारच्या आमीनादात्ता अंगण झाडत होत्या, त्यांनी मला बाजूला ओढलं.

"कान गेले त्याचे. दोन्ही. दोन वर्षांपूर्वीच डॉक्टरने सांगितलं, आता पाण्याखाली जायचं नाही. सामानसुमान सगळं पोरांना वाटून टाकलं. म्हणाला, तिला कळवू नका, पोरगी उचलून नेईल मला."

मी समोर जाऊन उभी राहिले. बप्पा दचकला, मग उठायची धडपड करू लागला.

"तू कशाला आलीस? गेज पाठवायचं होतंस नुसतं!"

मी गेज त्याच्या मांडीवर ठेवलं. काटा मी सरळ केलाच नव्हता. त्याने पाहिलं आणि मान खाली घातली.

"कशाने वाकवलास?" मी मोठ्याने, ओठ नीट हलवत विचारलं.

"तुझ्या आईच्या चिमट्याने," तो म्हणाला. "चांगलं गेज बिघडवायचं म्हणजे पाप आहे. कुणी चुकून पाण्यात नेऊ नये म्हणून उशाशी घेऊन निजायचो."

"पण का?"

तो आत गेला आणि आईचा पानाचा डबा घेऊन आला. माझ्या दोन चिठ्ठ्या त्यात होत्या, घड्यांवर विरलेल्या.

"फोनवर तुझा आवाज माशीसारखा येतो. काय बोलतेस कळत नाही, म्हणून मीच ठेवून देतो. पहिल्यांदा पोरांच्या हातून खरंच बिघडलं होतं, तेव्हा ही पहिली चिठ्ठी आली. यात कसं सगळं कळतं. अंगठा बरा झाला का?"

मी अंगठा दाखवला. त्याने तो धरून उलटसुलट करून पाहिला, लहानपणी काटा शोधायचा तसा.

"मग सांगायचं ना, पत्र लिही म्हणून."

"मागून घेतलेल्या पत्रात काय गोडी? काम असलं की माणूस भरभरून लिहितो."

चार दिवस राहिले. त्याने नीरफणस भाजला, मी ओरडून ओरडून घसा बसवला. रोज सकाळी तो गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राही, तशी मीही राहिले. पलीकडे खोल पाण्याची निळी कड सुरू होत होती. बप्पा तिच्याकडे बघत म्हणाला, "तिथे खाली एक घळ आहे. तुला दाखवायची होती."

माझ्यासोबत चल, असं या वेळी मी म्हटलं नाही. निघताना तोच म्हणाला, "बरं झालं विचारलं नाहीस."

परतल्यावर पहिल्या शुक्रवारी कागद घेऊन बसले. दुरुस्तीला काही नव्हतं. तासभर एक ओळ सुचेना. शेवटी लिहिलं की लिफ्ट बंद पडलीय, आणि काल तांदळाची गोणी शफीउने आणि मी दोन्ही टोकांना धरून नवव्या मजल्यावर चढवली. सहाव्यावर बसलो तेव्हा एका अनोळखी बाईने दार उघडून आम्हाला सुपारी दिली.

पंधरा दिवसांनी सोबीरने उत्तर आणलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत दोनच ओळी. 'बाई कुठल्या बेटाची, ते विचारलंस का? आणि पायऱ्या एकूण किती, ते लिहिलं नाहीस.'

मी चपला घातल्या आणि पायऱ्या मोजायला निघाले.