कुलूप शाबूत होतं

"सर, हवेला कुलूप लावता येतं का हो?"

हा प्रश्न निताच्या डोक्यातून निघालेलाच नव्हता. शाळेत आफिफा या मैत्रिणीने तिला डिवचलं होतं, "नांदेडचा इंजिनिअर येणार म्हणून लई मिरवून राहिली ना? मग त्याला एवढं विचारून दाखव. न्हाई विचारलं तर आठवडाभर तुझा डबा माझा." निताच्या डब्यात तिच्या याडीच्या हातचा ठेचा असतो. याडी म्हणजे आई, बंजारा तांड्यावर असंच म्हणतात. ठेचा गमावण्यापेक्षा प्रश्न विचारलेला बरा, म्हणून तिने विचारून टाकला.

दुकानात जो तो हसला. तिच्या बाने, म्हणजे दुकानाचे मालक देविदास यांनी, डोळे वटारले. मला भिंतीवर ठोकायला शिडीवर चढलेला इंजिनिअर योगेश तोंडातला स्क्रू न काढताच म्हणाला, "लावायचंच असतं. पासवर्ड म्हणतात त्याला. पण माझी एसटी निघून राहिली, ते मागाहून टाकू. तोवर हे चोरीला जाऊ देऊ नका शेठ, कुलूपबिलूप लावा."

मित्रांनो, माझ्या सगळ्या दुर्दशेचं मूळ या एवढ्याशा बोलण्यात आहे.

मी एक जुना वायरलेस ॲक्सेस पॉइंट आहे. नाव भलं मोठं, पण अंगाने पाठ्यपुस्तकाएवढा. डोक्यावर दोन अँटेना. तारेतून आलेलं इंटरनेट मी हवेत सोडतो आणि समोरचा कॉम्प्युटर ते झेलतो, एवढंच माझं काम. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला गहिवरून येईल अशी आशा करू नका. सावली देणारं झाड किंवा ज्ञान देणारा फळा यांनी ऐकवावं तसं गोड गोड मला ऐकवता येत नाही. मला राग येतो. बऱ्याच जणांचा येतो.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. माझ्या पाठीवर तसं छापलेलं होतं, पण ते केव्हाच पुसलं. मला आठवतं ते नांदेडचं एक लॉज. तिथे मला मान होता! मला स्वतःचं नाव होतं, स्वतःचा पासवर्ड होता. पाहुणा आला की आधी मॅनेजरकडे जायचा, पासवर्ड विचारायचा आणि मगच माझ्या दारात यायचा. चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला मी सरळ हाकलत असे. काय तो थाट! पुढे लॉज बंद पडलं आणि योगेशने मला जुन्या सामानात उचललं. माझ्या पाठीत एक बारीक भोक आहे. त्यात त्याने टाचणी खुपसली आणि दाबून धरली. झालं. नाव गेलं, पासवर्ड गेला, सगळे नियम गेले. मी कारखान्यातून आलो तसा कोरा झालो. आता जो येईल त्याला आत घ्यायचं. कुणाला अडवायचं हे मला कुणी सांगितलंच नाही.

असा मी २००८ च्या हिवाळ्यात कळमनुरीला, नांदेड रोडवरच्या देविदास यांच्या दुकानात आलो. मोटारपंप, थ्रेशरचे पट्टे आणि बेअरिंग विकण्याचं दुकान. गोदाम रस्त्याच्या पलीकडे. कोणत्या आकाराचं बेअरिंग शिल्लक आहे हे इकडच्या कॉम्प्युटरवर दिसावं म्हणून त्यांनी रस्त्यावरून तार नेली होती. कापसाने भरलेला ट्रक आला की तार तोडून न्यायचा. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा देविदास ट्रकच्या मागे चप्पल घेऊन धावले आणि दुसऱ्या दिवशी योगेशला फोन केला. तार नको म्हणून मी आलो. आल्या आल्या माझं कौतुकही झालं. गोदामातला हिशोब दुकानात दिसू लागला तेव्हा निताची याडी, शकुंतलाबाई, माझ्याकडे बघून म्हणाली, "शिंगं असलेला बैलच हाय जणू. बिनदोरीचा वझं ओढून राहिला." तेव्हापासून माझं नाव शिंगाड्या पडलं.

पण देविदास यांना झोप लागेना. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव फिरायचे. मुक्कामाला गोण्यांचा गोल कोट रचायचा, माणसं आणि बैल आत, कुत्री बाहेर. तांड्याचा माल असा सांभाळायचा, हे त्यांच्या रक्तात. त्यात योगेश कुलूप म्हणून गेलेला! त्यांनी वेल्डर बोलावला आणि माझ्याभोवती जाड पत्र्याची पेटी करवून घेतली. पेटीत कोंडल्याबरोबर माझा आवाज गोदामापर्यंत पोचेना, तेव्हा वेल्डरने वर दोन भोकं पाडून माझी शिंगं तेवढी बाहेर काढली. मग पितळी कुलूप लागलं आणि किल्ली देविदास यांच्या कमरेच्या कडदोऱ्याला गेली.

"आता बघू कोण हात लावतो," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

"बा, सर पासवर्डचं म्हणले होते," निता म्हणाली. "ते टाकायचं राहिलंय."

"एवढं कुलूप दिसून न्हाई राहिलं का तुला? जा, अभ्यास कर."

मित्रांनो, एप्रिलात या भागातलं ऊन पत्र्याच्या पेटीत बसून अनुभवा, मग माझ्याशी बोला. मी आत भाजत होतो आणि बाहेर माझी दोन शिंगं येणाऱ्याजाणाऱ्याला खुशाल आवतण देत होती. म्हणजे पोळीसारखा शेकायचो मी, आणि खाणार कोण?

खाणारे व्यंकटराव होते. आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान. पुण्याच्या मुलाने त्यांना लॅपटॉप दिला होता. एके दिवशी त्यांनी तो उघडला आणि मी सापडलो. उघडाच होतो. त्यांनी दारावर थाप मारायची गरजच नव्हती. तेव्हापासून त्यांचा सगळा कारभार माझ्या जिवावर. वर दुकानात येऊन, देविदास यांचा चहा पिऊन, माझ्या पेटीवर टिचकी मारून म्हणायचे, "देविदास, बंदोबस्त मात्र जबर केला बरं का तुमी!" त्या माणसाचा मला जेवढा संताप आला तेवढा उन्हाचाही आला नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. निता दहावीत गेली. नवा चष्मा, दोन घट्ट वेण्या, आणि वर्गात प्रत्येक प्रश्नाला हात वर. त्याच महिन्यात एका दुपारी मोटारसायकलवरून, साध्या कपड्यांत, पोलीस ठाण्याचे चाँद पाशा जमादार दुकानात आले. ते देविदास यांच्या जुन्या ओळखीचे. मागे मोटारपंपांच्या खोक्यांआड खुर्ची टाकून बसले आणि दबक्या आवाजात बोलले. तालुक्याच्या एका साहेबाला बिननावाची ई-मेल आली होती. त्यात कचेरीला आग लावण्याची धमकी होती. माग काढत काढत पोलीस या दुकानाच्या इंटरनेटवाल्या फोनलाइनपर्यंत आले होते.

"देविदास, मी तुला ओळखतो म्हणून एकटा आलो," जमादार म्हणाले. "उद्या साहेब येतील. तुमच्यात कॉम्प्युटर कोण चालवतं?"

देविदास यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांना फक्त हिशोब बघता यायचा. ई-मेल करता यायची ती एकट्या निताला. ते उठले, माझ्या पेटीपाशी आले आणि कुलूप ओढून पाहिलं. मग पुन्हा ओढून पाहिलं.

"कुलूप शाबूत हाय," ते म्हणाले. "बाहेरचं कुणी शिरलं न्हाई. म्हणजे घरातलंच."

मला ओरडावंसं वाटलं. अहो शेठ, कुलूप पत्र्याला आहे, मला नाही! पण माझ्याकडे हिरवा दिवा सोडला तर बोलायला काहीच नाही. मी तो लुकलुकवत राहिलो. कुणी पाहिलं नाही.

निता शाळेतून आली ती आफिफाबरोबर खिदळतच. दारातच बाने विचारलं, "काय लिवलंस त्या साहेबाला?"

"कोणत्या साहेबाला?"

"खोटं बोलू नको! पोलीस दारात आले तुझ्यापायी. पिढ्यान् पिढ्या कुणी बोट दाखवलं न्हाई आमच्याकडं."

शकुंतलाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मी म्हणतच होते, पोरीला एवढं डोक्यावर बसवू नका."

"बास झाली शाळा," देविदास म्हणाले. "उद्याच्या गाडीनं साखऱ्याला. तांड्यावर आजीपाशी राह्य."

त्या तांड्यावर शाळा सातवीपर्यंतच आहे, हे दुकानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आफिफाच्या हातातलं दप्तर खाली पडलं. मला वाटलं, आता ही पोरगी रडणार. पण निताने चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि पुन्हा लावला.

"बा, कुलूप शाबूत हाय म्हणून मी चोर, असंच ना?"

"मग दुसरं कोण?"

"मी सरांना काय विचारलं होतं, आठवतं का? तुमी सगळे हसला होता." ती जमादारांकडे वळली. "चाचा, तुमचा चहा संपेपर्यंत तिथंच खोक्यांमागं बसा. काही बोलू नका."

आणि तिने भिंतीवरचं माझं बटण बंद केलं.

माझा दिवा विझला. त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही. आफिफाने ते माझ्यासमोर इतक्या वेळा इतकं रंगवून सांगितलं आहे की आता मला पाहिल्यासारखंच वाटतं. त्या दिवशी मार्चमधल्या दहावीचा निकाल होता. शेजारी व्यंकटरावांच्या दुकानात पोरांची आणि पालकांची दाटी. मी बंद पडताच तिकडे गलका उठला, "काका, माझा नंबर!" "आमचं पान अर्धंच आलं की!" जमादारांच्या बशीत अजून चहा होता तेवढ्यात व्यंकटराव घामाघूम होऊन आमच्या दारात उभे.

"देविदास, लाइट गेली का तुमची?"

"न्हाई," देविदास गोंधळून म्हणाले. "पंखा फिरून राहिला की."

"मग तो शिंगाड्या काहून बंद? हवा येऊन न्हाई राहिली त्याची. लावा लवकर, पोरं डोकं खाऊन राहिली माझं!"

निता हाताची घडी घालून उभी होती.

"काका, आमचा शिंगाड्या बंद झाला तर तुमचं काय अडलं?"

व्यंकटरावांच्या ध्यानात आलं, पण उशिरा. ते चिडले. "ए पोरी, हवा कुणाच्या बापाची असते का? माझ्या दुकानात येते, मी घेतो. कुलूप तर तोडलं न्हाई ना कुणाचं?"

"बराबर," खोक्यांआडून जमादार बाहेर आले. "कुलूप तोडलं न्हाई. पण त्या हवेतून साहेबाला एक पत्र गेलं, व्यंकटराव. ते कुणाचं?"

गटारावरची व्यंकटरावांच्या दुकानाची पाटी त्याच साहेबाने मागच्याच महिन्यात उपटून नेली होती. आख्ख्या रस्त्याने तो तमाशा पाहिला होता. व्यंकटराव भिंतीला टेकले. "नुसतं भेव दाखवलं हो जमादार. आग काय मी खरंच लावणार होतो?"

"आगीचं मी तुमच्यापुढं काढलंच न्हाई अजून," जमादार म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

मला पुन्हा सुरू केलं तेव्हा व्यंकटराव जमादारांच्या मोटारसायकलवर मागे बसत होते आणि जाता जाता ओरडत होते, "शेजारधर्म सोडला तुमी, देविदास! एवढीशी हवा सोसली न्हाई!" देविदास माझ्या पेटीसमोर उभे होते. त्यांनी कडदोऱ्याची किल्ली काढली. झाकण उघडलं आणि कित्येक महिन्यांनी मला पंख्याचा वारा लागला.

निताने दुकानाच्या कॉम्प्युटरला तार जोडली, माझी धुळकट माहितीपुस्तिका गुडघ्यावर उघडली आणि बोट ठेवून वाचत वाचत माझ्या आत शिरली. आधी तिने कारखान्याचा पासवर्ड बदलला. जगातल्या माझ्या सगळ्या भावंडांचा तो एकच असतो आणि पुस्तिकेत छापलेला असतो! मग तिने मला नाव दिलं, शिंगाड्या. मग हवेलाच कुलूप घातलं. त्या कुलपाचा शब्द लांब होता, अक्षरं आणि आकडे मिसळलेला, आणि टाइप करताना तिने आफिफालाही तोंड फिरवायला लावलं. त्या क्षणी मला लॉजमधले दिवस परत आल्यासारखे वाटले. आता मी पुन्हा नाही म्हणू शकत होतो.

मित्रांनो, तुमच्या घरी, दुकानात, शाळेत माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला पत्र्यात कोंडू नका. त्याला श्वास घेऊ द्या. पण त्याला उघडाही टाकू नका. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा, एसटी चुकली तरी चालेल. आणि काही बिघडलं तर कुलूप ओढून पाहून घरच्या लेकरावर बोट ठेवू नका. माझा राग तुमच्या अज्ञानावर नाही. विचारणाऱ्या पोरीला तुम्ही हसता, त्यावर आहे.

संध्याकाळी देविदास यांनी घसा साफ केला. माफी त्यांना मागता येत नाही. ते म्हणाले, "बरं झालं ते झालं. आता तो पासवर्ड सांग, मी वहीत लिवून ठेवतो."

शकुंतलाबाई म्हणाली, "सांग बाई, बाचं दुकान हाय ते."

निताने दप्तर खांद्याला लावलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दोघांकडे.

"बा, याडी, नीट ऐका. पासवर्ड माझ्या डोक्यात हाय, दुसरीकडं कुठं न्हाई. मला साखऱ्याला धाडायचं असलं तर उद्याच्या गाडीनं धाडा. पण मी जिथं जाईन तिथं तो माझ्यासंगं येईल. मी दहावी इथंच करणार. उद्या पहिल्या तासाला मी वर्गात असणार!"