दोन रेघा फार जुळत होत्या

मी एक खोटी धमनी बोलतेय. रबराची, हातभर लांब, प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन खुंट्यांमध्ये ताणून बांधलेली. खोटी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. त्या खोलीत खरं बोलणारी मी एकटीच होते, असा मला अजूनही संशय आहे.

मला साच्यात ओतून घडवलं ते इथं संशोधन करणाऱ्या ताईनं. माझ्या एका टोकाला पंप असायचा. तो हृदयासारखा धक्का द्यायचा आणि माझ्या अंगातून पाण्याची लाट सरसर जायची. भिंत कडक असली की लाट वेगानं पळते, मऊ असली की रेंगाळते. माणसांच्या धमन्यांचंही असंच. म्हणून सुई न टोचता, नुसत्या लाटेच्या वेगावरून धमनी किती कडक झालीय ते सांगणारं समीकरण ताईनं मांडलं होतं.

पडद्यावर दोन रेघा उमटायच्या. लाल रेघ माझ्या लाटेची, निळी समीकरणाची. दोघी नेमक्या एकमेकींवर बसायच्या. ताईचे सर खूश होऊन टेबल थोपटायचे.

मला मात्र हे खटकायचं. माझं रबर दिवसेंदिवस आखडत चाललं होतं, लाट बदलत होती, तरी निळी बाई कधी पुढे नाही की मागे नाही! इतकं कोणी कोणाला ओळखतं का? मी पाळत ठेवली. तेव्हा कळलं, रेघा काढणारं यंत्र सकाळी आधी माझ्या लाटेचा वेग घ्यायचं, त्यावरून माझा कडकपणा काढायचं, आणि तोच आकडा समीकरणाला देऊन विचारायचं, सांग, हिची लाट किती वेगानं जाईल? उत्तर आधीच कानात सांगितलेलं! चोरी पकडली, पण मला कुठे तोंड आहे?

मग एक दिवस ताईचे वडील आले, अप्पा. रक्तदाबाच्या गोळ्यांना वैतागलेले. सरांनी त्यांनाच यंत्राला जोडलं. पडद्यावर उत्तर आलं : धमन्या तिशीतल्या.

"बघ चिमे! सांग तुझ्या आईला. गोळ्या आजपासून कचऱ्यात!"

"अहो अप्पा, आत्ता जिना चढताना दोनदा थांबलात."

"ते जिन्यातला पंखा बघत होतो."

सर हसले. "उद्या हृदयरोगतज्ज्ञ येताहेत. त्यांना हेच दाखवू."

ताई हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत माझाच संशय होता.

"सर, हिचा कडकपणा आपण लाटेशिवाय कधी मोजलाय?"

"रोज तर आकडा निघतो."

"लाटेतून काढतो आणि लाटेलाच परत देतो. मग जुळेल नाही तर काय होईल?"

"अगं, जुळतंय ना? मग उकरतेस कशाला?"

"कारण अप्पा खरंच गोळ्या टाकतील, सर."

तिनं पातं घेतलं आणि माझी एक पट्टी कापली. पट्टीला वजनं टांगली, ती किती ताणली जाते ते मोजपट्टीनं पाहिलं. दुखलं म्हणाल, तर कापून घ्यायला मी कधीपासून टपून बसले होते.

नवा आकडा समीकरणात गेला आणि निळी रेघ सकाळच्या लाल रेघेला सोडून भलतीच पुढे पळाली. समीकरणानं माझी भिंत कागदासारखी पातळ धरली होती. मी तर चांगली जाडजूड, आणि जाड भिंतीत लाट त्या हिशेबापेक्षा हळू जाते! आणि वयानं माणसांच्या भिंतीही जाडावतात. म्हणजे लाट हळू दिसली की ते समीकरण एकेका कडक धमनीला मऊ, मऊ म्हणून गोंजारत होतं.

सरांनीच फोन करून उद्याची भेट पुढे ढकलली. अप्पांनी खिशातून गोळी काढली.

"पाणी दे गं. थोडा वेळ का होईना, तिशीत होतो."

आता मी खणात असते. खुंट्यांवर माझ्याच रबरातून, माझ्याबरोबर ओतलेली दुसरी धमनी आहे, पण कुणी नवं समीकरण आणलं की ताई आधी माझा तुकडा कापून मोजते. तुम्हीही उद्या असं एखादं यंत्र बांधाल. दोन रेघा फारच प्रेमानं एकमेकींवर बसल्या, तर टाळ्या वाजवू नका. खण उघडा. कापण्याइतकी मी अजून उरलेय.