तिसऱ्या बाकावरचा आकडा

मित्रांनो, मी आवाज मोजतो. डोक्यावर काळ्या स्पंजची टोपी घातलेला, करड्या रंगाचा, तळहातात मावणारा मी एक जुना ध्वनिमापक आहे. गाणे गोड की कर्कश, हे मला कळत नाही. ते किती मोठे आहे, एवढेच कळते. माणसांनी मात्र मला सगळेच विचारले आणि तिथेच माझ्या अब्रूची माती झाली.

माझी पहिली अठरा वर्षे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या एका टर्की पक्षी कापण्याच्या कारखान्यात गेली. कामगारांच्या सुरक्षिततेचे काम व्हर्लिन ऑप्सालकडे होते. हाडे दळणाऱ्या यंत्राशी उभ्या असलेल्या माणसाच्या कानाजवळ तो मला धरायचा, आकडा मोठ्याने वाचायचा आणि मगच लिहायचा. एकदा साहेब त्याला म्हणाला, "अरे, चार पावलं मागं सरकून धर ना. काय बिघडतं?" व्हर्लिन म्हणाला, "साहेब, कान इथं आहे. चार पावलं मागं कुणाचाच कान नाही." महिनाभरात त्या यंत्राभोवती भिंत उभी राहिली. कामगारांनी माझ्या पाठीवर लाल पट्टी चिकटवली, पदक दिल्यासारखी. इतका मान मला पुन्हा मिळाला नाही.

व्हर्लिन निवृत्त झाला आणि मीही त्याच्यासोबत घरी आलो. तो गावातल्या ल्युथरन पंथाच्या चर्चच्या समितीचा अध्यक्ष झाला. त्याच सुमारास चर्चची ऑर्गन वाजवणारी बाई मुलाकडे राहायला गेली. तिच्या जागी गिटार, कीबोर्ड, ड्रम आणि दोन मोठे स्पीकर आले. ड्रम वाजवत होती व्हर्लिनची मुलगी जोलीन. बारा वर्षे तिने चर्चची पायरी चढली नव्हती. बाप-लेकीत नाताळच्या शुभेच्छांपलीकडे बोलणे उरले नव्हते. आता ती दर रविवारी येई आणि उपासनेनंतर बापाबरोबर जेवूनच घरी जाई.

डावीकडच्या तिसऱ्या बाकावर आर्डिस टोलेफ्सरूड बसायच्या. वय एक्याऐंशी. साठ वर्षे त्याच जागेवरून त्या खालच्या पट्टीत साथीचे सूर गात आल्या होत्या. एक स्पीकर नेमका त्यांच्या तोंडासमोर होता. चर्चच्या तळघरात उपासनेनंतरची कॉफी पिताना त्यांनी व्हर्लिनला गाठले.

"व्हर्लिन, नवी गाणी वाईट नाहीत रे. काही तर आपल्या जुन्या रडगाण्यांपेक्षा बरी आहेत. पण मागच्या बाकावरची गातेय की जांभया देतेय, तेच कळत नाही. माझा सूर लागलाय की नाही, तेही नाही. आणि घरी गेल्यावर संध्याकाळपर्यंत कान वाजतात."

गोष्ट एवढीच होती. पण तळघरातली गोष्ट तळघरात राहत नाही. आठवड्याभरात दोन तट पडले.

"देव काय बहिरा आहे, इतकं बडवायला?" एका टेबलावरून प्रश्न आला.

"देव नाही हो, पण तुम्ही झोपता ना!" दुसऱ्या टेबलाने उत्तर दिले.

जानेवारीतल्या वार्षिक सभेत व्हर्लिनने मला खिशातून काढून सगळ्यांसमोर धरले. "भांडायचं कशाला? हा मोजेल," तो म्हणाला. सगळ्यांना केवढे हायसे वाटले! आता कोणाला कोणाशी बोलायची गरज उरली नव्हती. ठराव आला, आवाज पंच्याऐंशी डेसिबलच्या आत ठेवायचा आणि मोजायचा तो मागच्या टोकाला, आवाज सांभाळणाऱ्याच्या टेबलावर.

आर्डिस उठल्या. "मी त्या टेबलावर बसत नाही. तिसऱ्या बाकावर बसते."

"मग मागे येऊन बसा की, आर्डिसबाई!" कोणीतरी ओरडले.

"मागे? ल्युथरन लोकांच्या चर्चमध्ये मागचं बाक कधी रिकामं पाहिलंयस का?"

सभा खळखळून हसली. हसता हसताच हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला.

तेव्हापासून मी दर रविवारी त्या टेबलावर बसलो. त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. कागद सूचनाफलकावर लागत गेला. मी एकदाही खोटे बोललो नाही. मला खरे बोलायला बसवले होते तेच चुकीच्या जागी.

मार्चमधल्या एका रविवारी आर्डिसनी व्हर्लिनचा हात धरला. "एकदाच माझ्या कानापाशी धरून बघ. मग मी तोंड उघडणार नाही."

दुसरे गाणे चालू असताना तो तिसऱ्या बाकापाशी आला. जुन्या सवयीने त्याने मला त्यांच्या कानाजवळ धरले. मी आकडा दाखवला, सत्त्याण्णव.

आर्डिसचा जवळचा चष्मा पर्समध्ये होता. त्यांनी ओठ हलवून विचारले, "किती?"

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिले. मग समोर पाहिले. जोलीन डोळे मिटून वाजवत होती आणि तिचा चेहरा लहानपणीच्या फोटोतल्यासारखा मोकळा झाला होता. तोंडाने सांगून ऐकूच गेले नसते, म्हणून व्हर्लिनने बोटांनी सांगितले. आधी आठ बोटे. मग चार.

हाडे दळणाऱ्या यंत्रासमोर ज्याने कधी एक अंक इकडचा तिकडे केला नाही, त्याने प्रार्थनेच्या घरात तेरा अंक गिळले.

आर्डिसनी मान डोलावली. गाणे संपल्यावर त्या पुढे गेल्या आणि जोलीनला म्हणाल्या, "छान वाजवतेस गं. माझेच कान गेलेत. मी उगाच सगळ्यांना त्रास दिला, माफ कर." पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाहीत. आता त्या स्वयंपाकघरात रेडिओवर उपासना ऐकतात, असे कानावर आले. रेडिओबरोबर त्या गातात की नाही, ते कोणी विचारले नाही.

ईस्टरनंतर जोलीनने बापाला विचारले, "बाबा, आर्डिसबाई दिसत नाहीत?"

"वय झालं आता."

"आवाजाचा त्रास खरंच होत होता का त्यांना? मला वाटलं, फलकावरचा आकडा आत आहे म्हणजे सगळं ठीक आहे. सांगायचं ना मला! ड्रमच्या काठ्या ठेवून हलक्या आवाजाचे तारांचे ब्रश घेतले असते. तो स्पीकरही सरकवला असता. दोन मिनिटांचं काम."

त्या दुपारी व्हर्लिनने मला अर्धवट जळालेल्या मेणबत्त्यांच्या खणात टाकले. माझ्यातली बॅटरी फुटून पाझरली आहे. आता माझ्या पडद्यावर काहीच उमटत नाही.

मित्रांनो, मला पुसून पुन्हा कपाटात मांडा, असे मी म्हणणार नाही. मागणे एवढेच आहे. कोणी म्हणाले, "मला त्रास होतो," तर माझ्यासारख्याला आणायला धावू नका. त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा आणि एक गाणे पूर्ण होईपर्यंत तिथून उठू नका. त्या चर्चमध्ये साठजणांनी हात वर केले होते. तिसऱ्या बाकावर मात्र कोणीच येऊन बसले नाही.