गुलाबांचा हेलकावा

शिवाप्पानं पहिला घाव संगणकाच्या पडद्यावर घातला. पडदा तडकला आणि औषधं, तयार कपडे, कॉफी, यंत्रं, देशाची सगळी निर्यात एकदम काळी झाली.

त्याच्या हातात गुलाब छाटायची वाकडी सुरी होती. "फुलांचा आकडा कमी करा," असं म्हणत त्यानं हयवदनअण्णांना कॉलर धरून खुर्चीतून उचललं. अण्णा साठी उलटलेले, अंगानं काडी. त्यांचा चष्मा पडला आणि शिवाप्पाच्या चपलेखाली गेला.

"तू बाजूला हो, अक्का," तो मला म्हणाला. "तुला लागेल."

बसवनगुडीत इडलीच्या हॉटेलावरची माडी म्हणजे आमचं ऑफिस. माणसं दोन, अण्णा आणि मी. देशाची आयात-निर्यात क्षेत्रवार मांडायची आणि कुठलं क्षेत्र किती वरखाली होतं ते मोजायचं, हे आमचं काम. त्या वरखाली होण्याला आम्ही हेलकावा म्हणतो. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे येतं ते पुस्तकं वाचून आणि अण्णांची बोलणी खाऊन. आमच्या यादीवरून विमानतळाच्या शीतगृहात जागा ठरते. ज्याचा हेलकावा मोठा, त्याला कायमची जागा नाही. फुलांचा हेलकावा दरवर्षी सगळ्यांत मोठा. येलहंक्याच्या पलीकडे शिवाप्पाची पॉलीहाऊस आहेत. गेल्या फेब्रुवारीत त्याच्या गुलाबांच्या पेट्या विमानतळाच्या अंगणात उन्हात सडल्या. यंदाची यादी, तो माडीवर चढून आला त्याच संध्याकाळी जायची होती.

"यंदा जागा नाही मिळाली तर मळा मोडतो मी," तो अण्णांना हलवत म्हणाला. "आणि आधी तुम्हाला मोडतो."

अण्णा कॉलरला लटकूनच बोलले. "माप सगळ्यांना एकच. या महिन्याच्या आकड्याची गाठ मागच्या महिन्याच्या आकड्याशी. लोखंडाला तेच, गुलाबाला तेच. देव आला तरी वेगळी फूटपट्टी काढणार नाही."

शिवाप्पानं त्यांच्या तोंडात भडकावली. ओठ फाटला. यादीवर रक्त उडालं, बरोबर तयार कपड्यांच्या ओळीवर.

"स्वल्प थांब रे," मी ओरडले. "मी परत मोजते. पण त्यांना खाली ठेव."

"खोटं लिहू नकोस, गोदू!"

"नाही लिहीत. तुम्ही गप्प बसा अण्णा, जीभ चावाल."

त्यानं अण्णांना खुर्चीत सोडलं. माझा लॅपटॉप शाबूत होता. गुलाब फेब्रुवारीत चढतात, मार्चात कोसळतात. जगातल्या पोरापोरींना गुलाब चौदा फेब्रुवारीलाच हवा असतो, त्याला शिवाप्पा काय करणार? मी फेब्रुवारीची गाठ गेल्या फेब्रुवारीशी घातली, मार्चची मार्चशी. सगळ्याच मालाला हे माप लावलं, म्हणजे अण्णांचा देवही रुसायला नको. टेबलावरचा चहा निवायच्या आत उत्तर आलं. फुलं कॉफीच्या खाली, औषधांच्याही खाली. अख्ख्या यादीत गुलाबच सगळ्यांत शहाणे.

मला हसूच आलं. "बघ," मी पडदा त्याच्याकडे फिरवला. "तुझ्या मालाला हेलकावाच नाही रे."

मला वाटलं, आता सुरी खाली ठेवेल.

"हे खरं आहे?" त्यानं अण्णांना विचारलं.

अण्णांनी चष्म्याविना नाक पडद्याला लावलं. बराच वेळ बघितलं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलेलं नाही. "खरं आहे. बरोबर मोजलंय तिनं."

"एवढंसं काम? मग गेल्या वर्षी का नाही केलं?"

काहीही सांगता आलं असतं. अण्णा म्हणाले, "कुणी विचारलं नाही."

तोपर्यंत सुरीनं माणूस कापला नव्हता. शिवाप्पानं अण्णांचा उजवा हात टेबलावर दाबला आणि देठ छाटावा तशी सुरी ओढली. दोन बोटं गेली. मी टेबलावरचं लोखंडी पंचिंग मशीन उचललं आणि शिवाप्पाच्या कानावर हाणलं. तो गुडघ्यावर आला. पुन्हा हाणलं. सुरी अजून त्याच्याच मुठीत होती, पण माझ्यावर त्यानं ती उगारली नाही.

"पुरे, अक्का," तो म्हणाला.

मी आणखी एकदा हाणलं.

आवाज ऐकून हॉटेलातली माणसं वर धावली. चौघांनी सुरी काढून घेतली आणि त्याला भिंतीशी दाबून धरलं. मी अण्णांचा हात माझ्या पदरात करकचून बांधला.

"पाठव," अण्णा पुटपुटले.

"काय?"

"नवा आकडा."

"अण्णा, त्यानं सुरी दाखवून..."

"सुरीनं बरोबरचं चूक होत नाही. पाठव. सही तू कर, मला आता..." त्यांनी पदराच्या गाठोड्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.

मी कीबोर्ड पुसला, सही केली, यादी पाठवली. बोटं घसरत होती.

खाली जीप थांबली. जिन्यात बुटांचे आवाज झाले. शिवाप्पाच्या कानातून रक्ताची धार मानेवर उतरत होती. "अक्का, गेला का आकडा?"

"गेला."

"सरी, ठीक झालं," तो म्हणाला, आणि पोलिसांपुढे दोन्ही हात धरले. पंचिंग मशीन मी पुन्हा उचललं होतं. ते खाली ठेवावं असं मला वाटत नव्हतं.