कडू घास

पुण्याहून धर्मशास्त्राची पदवी घेऊन मी पांढरकवड्याजवळच्या एका छोट्या मंडळीत पाळक म्हणून आलो, तेव्हा मला येशू ख्रिस्त पूर्ण समजलेला होता. हे मी गमतीने सांगत नाही, मला खरंच तसं वाटायचं. खरा देव, खरा मनुष्य. व्यक्ती एक, स्वभाव दोन. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारून मी शिकवायचो. डावीकडे भुकेलेला, थकलेला, रडलेला येशू. उजवीकडे पापांची क्षमा करणारा, मेलेल्याला उठवणारा. माझी रेघ फार सरळ यायची आणि त्याचाही मला अभिमान होता.

बाप्तिस्म्याच्या वर्गात तानाबाई होत्या. साठीच्या, दुसऱ्यांचा कापूस वेचून बोटांची टोकं फाटलेली. बाप्तिस्मा घ्यायचा, एवढी एकच इच्छा धरून त्या तीन वर्षं येत होत्या आणि ख्रिस्ताविषयीचं उत्तर धड देता येत नाही म्हणून दोनदा मी त्यांना मागे ठेवलं होतं. त्या वर्षी, २००६ साली, नाताळच्या रविवारी त्यांचा बाप्तिस्मा ठरला होता. पाठांतर त्यांना जमायचं नाही, प्रश्न मात्र जमायचे.

एकदा त्यांनी विचारलं, मित्र लाजरस मेल्यावर रडला तो येशू कोणत्या बाजूचा? मी म्हणालो, डाव्या. आणि त्याला उठवला तो? उजव्या.

"मंग लाजरसच्या बहिणीईले भेटाले कोन गेलतं?" तानाबाई म्हणाल्या.

वर्गात दोघं-तिघं हसले. मी खडू खाली ठेवला आणि पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणालो. पुढच्या आठवड्यात सांगायचं सोयीस्करपणे विसरलो.

सप्टेंबरात आमच्या मंडळीतला रोशन गेला. पाठीवर पंप घेऊन तो लोकांच्या कपाशीवर फवारणी करायचा. तेच औषध वाऱ्याने उलटं तोंडावर येऊन अंगात भिनलं आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात संपला. त्या वर्षी पेपरात रोज मेलेल्या शेतकऱ्यांचा आकडा यायचा. रोशनकडे शेतच नसल्यामुळे तो त्या आकड्यातही नव्हता. मागे बायको ममता आणि दोन लहान मुली.

मातीहून परत आलो तेव्हा ममताच्या दारात बायका डबे घेऊन उभ्या होत्या. मेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकर-वरण आणतात, आधी कडुलिंबाचं पान दाताखाली धरायचं आणि मग सगळ्यांनी घरच्यांबरोबर बसून जेवायचं. कडू घास म्हणतात त्याला. मला ती अंधश्रद्धा वाटली. मरणाचा कडूपणा ख्रिस्ताने काढून टाकला असताना ख्रिस्ती माणसाने तोंड कडू का करायचं? दारात उभा राहून मी एवढंच छोटं प्रवचन दिलं आणि डबे परत पाठवले. मंडळीचे पंच धरमसिंग यांनी माझ्या शब्दाला मान दिला, बायका निघून गेल्या. कुणी विरोध केला नाही, तेव्हा मला वाटलं, शिकवण पोचली.

तानाबाई गेल्या नाहीत. मागच्या दाराने आत शिरून त्यांनी आपल्यापुरती आणलेली भाकर ममताला दिली आणि तिच्याबरोबर पान चावलं. पुढच्या वर्गात त्यांनी हे आपणहून सांगितलं. मी त्यांच्या देखत बाप्तिस्म्याच्या वहीतलं त्यांचं नाव कापलं. त्या कापलेल्या नावाकडे बघत राहिल्या. अक्षर वाचता येत नसलं तरी रेघ कळतेच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझी आई गेली. सकाळी चहा मागितला, तो यायच्या आत गेली. दुपारी माती झाली. सगळी मंडळी आली, गीतं म्हटली, प्रार्थना केली, हात जोडले आणि रिकाम्या हातांनी घरी गेली. धरमसिंग तर जाताना म्हणाले, तुमच्या शिकवणीप्रमाणे कुणी काही आणलं नाही, पाळकसाहेब, काळजी करू नका. बिचारे मनापासून म्हणाले.

बायको उठून गॅसपाशी गेली आणि ओट्याला टेकून तिथेच खाली बसली. तिला हात धरून उठवायचं बळ मला नव्हतं. मी आईच्या खाटेकडे बघत होतो आणि मला, सांगायला लाज वाटते, भूक लागली होती. आई गेली आणि पोट भाकर मागत होतं. माझ्या फळ्याची डावी बाजू मला त्या दिवशी कळली.

चार वाजता तानाबाई आल्या. पदराखाली डबा, हातात कडुलिंबाची डहाळी.

"बाकीचे तुमाले भेतात, म्हणून नाई आले," त्या म्हणाल्या. "माहं तं नाव कापूनच हाय. मले कायचं भेव?"

त्यांनी माझ्या बायकोला उठवून भिंतीशी बसवलं, आम्हा दोघांच्या हातावर एकेक पान ठेवलं, एक स्वतःच्या तोंडात टाकलं. मी चावलं. कडू तोंडात उतरलं आणि आई गेल्यापासून न आलेलं रडू आलं. भाकर खाताना मी रडत होतो आणि रडताना खात होतो. तानाबाई सोबत जेवत होत्या. त्या कोणत्या बाजूने आल्या होत्या, हे मला सांगता आलं नसतं. आख्ख्या आल्या होत्या.

नाताळच्या रविवारी मी त्यांना पुढे बोलावलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, येशू ख्रिस्त कोण आहे? मंडळी वाट बघत होती.

"मले अजून पुरतं नाई समजलं," तानाबाई म्हणाल्या. "तुमाले समजलं काय?"

खोटं बोलणं सोपं होतं. वेदीवरून मी ते अनेकदा केलं असेल. मी म्हणालो, "नाही समजलं. पण आई गेली त्या दिवशी मी तुमच्या हातचा कडू घास खाल्ला." मग त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. धरमसिंग जमिनीकडे बघत होते. आपण केवढं धैर्य दाखवलं, असं मला त्याही क्षणी वाटून गेलं. माझी खोड ती, जायला वेळ लागतो.

उपासना संपल्यावर मी नेहमीसारखा दारात उभा राहून एकेकाला निरोप देत होतो. शेवटी ममता आली, दोन्ही मुलींचे हात धरून. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"बरं केलं पाळकसाहेब, जेवले तुमी," ती म्हणाली. "आमी तवा एक भाकर तिघीईत खाल्ली. मंग दोन दिवस पोरी बिस्किटावर होत्या."

धाकटीने माझ्याकडे बघून हात जोडले, आईने शिकवल्याप्रमाणे. मी जोडायला गेलो, पण माझे हात वर आले नाहीत.